न दिलेला हुकूम

तुळईच्या कडेला एक थेंब धरला होता. मघापासून धरलेला — लाकडाच्या कुठल्यातरी शिरेतून झिरपत आलेला, पोटाशी जड होत चाललेला, आता पडेल, आता पडेलच असं वाटायचं आणि तेवढ्यात जहाज कलायचं, की तो तुळईच्या अंगानं जरासा सरकायचा आणि पुन्हा तसाच लोंबत राहायचा... कप्तान एडमंड ट्रेम्लेट उताणा पडून त्याच्याकडे पाहत होता. तो पडल्याशिवाय उठायचं नाही असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. पण उठलाही नव्हता. डोक्यावर डेक घासणाऱ्या दगडांची खरखर चालली होती, ती थांबत आली होती, म्हणजे सात वाजत आले. अकराला जेकब नॅन्सची सुनावणी. आज सोमवार. गुरुवारी दुपारी जेकबचा भाऊ टॉबी पाण्यात पडला, त्याला आता चार दिवस झाले — चार दिवस, आणि या चार दिवसांत ‘मार्टलेट’ या इंग्रजी लढाऊ जहाजावरचं प्रत्येक माणूस आपल्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं.

‘‘साहेब, उठलात का?’’ पास्को दार न वाजवताच आत आला. अकरा वर्षं तो ट्रेम्लेटचा नोकर होता, तीन जहाजांवर. दार वाजवायचं त्यानं दुसऱ्या जहाजावरच सोडलं होतं. ‘‘ही घ्या कॉफी. म्हणजे आपलं म्हणायचं कॉफी. जळका पाव आणि पाणी. पण गरम आहे.’’

‘‘वारा?’’

‘‘कालचाच. हाडं खाणारा. आणि किनाऱ्यावर धुकं बसलंय गाभण गाईसारखं, हलायचं नाव नाही. मान वर करा.’’

वस्तरा गळ्याशी आला. पास्कोच्या बोटांना कांद्याचा वास येत होता.

‘‘खाली पोरं काय म्हणतायत ठाऊक आहे?’’

‘‘नको सांगूस.’’

‘‘चांगलंच म्हणतायत हो! म्हणतात, म्हातारा दिसायला मवाळ, पण काळीज लोखंडाचं आहे. आपला माणूस पाण्यात, आणि ह्याची पापणी हलली नाही. असा कप्तान असल्यावर फ्रेंचांची धडगत नाही म्हणतात.’’

‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘मला?’’ पास्कोनं वस्तरा फडक्याला पुसला. ‘‘मी तुमचे मोजे धुतो, साहेब. मोज्यांवरून माणसाचं काळीज कळत नाही.’’

पापणी हलली नाही. एवढं मात्र खरं होतं. काहीच हललं नव्हतं.

गुरुवारी दुपारपासून पाठलाग चालला होता. ब्रेस्ट बंदराला दारूगोळा पोचवणारं फ्रेंच गलबत, लहानसं, चपळ. चार महिने हा ब्रिटनीचा खडकाळ किनारा राखून, पावसात भिजून, किडे पडलेली बिस्किटं खाऊन पहिल्यांदाच काहीतरी समोर आलेलं. वारा पाठीशी, असतील नसतील ती सगळी शिडं चढवलेली. आणि पुढच्या डोलकाठीच्या टोकावरून, जिथे टॉबी नॅन्स रोज उघड्या हातांनी माकडासारखा फिरायचा तिथून, तो खाली आला — ट्रेम्लेटनं त्याला पडताना पाहिलं नाही, फक्त ओरडणं ऐकलं, मग बाजूला पाण्यात काहीतरी काळं, आणि धरून तरंगायला म्हणून आचाऱ्यानं कोंबड्यांचं रिकामं खुराडं उचलून पाण्यात भिरकावलेलं. मग समोर लेफ्टनंट गार्लंड, धावत आलेला. ‘‘होडी उतरवू, साहेब?’’

दोनच शब्द होते. हो आणि नाही. अरुंद दारात दोन माणसांनी एकदम शिरायला बघावं आणि दोघंही अडकावीत, तसे ते दोन्ही शब्द घशाशी येऊन अडकले. लोकांना वाटतं की त्या क्षणी त्यानं हिशोब केला: जहाज थांबवलं तर गलबत गेलं, होडी उतरवली तर अशा लाटांत आणखी सहा जण धोक्यात, एका माणसापायी ब्रेस्टच्या तोफांना दारूगोळा मिळणार... नाही. यातलं काही म्हणजे काही त्याच्या मनात आलं नाही. त्याला दिसला तो गार्लंडच्या बाहीवरचा डांबराचा डाग, आणि तो विचार करत राहिला की हा डाग कुठल्या दोराचा असेल. इतकंच. मग गार्लंडचे डोळे हळूहळू बदलले. त्यांत काहीतरी उमजल्यासारखं आलं. ‘‘समजलो, साहेब,’’ तो खालच्या आवाजात, देवळात बोलावं तसा बोलला, आणि वळून ओरडला, ‘‘आहे तसेच चला!’’

तासाभरानं ते गलबत खडकांमधल्या धुक्यात शिरलं आणि नाहीसं झालं.

मी ‘हो’च म्हणणार होतो. असं मी स्वतःला सांगतो — अजून एक श्वास मिळाला असता तर ‘हो’ बाहेर पडलं असतं — आणि सांगताना माझाच आवाज मला गार्लंडसारखा ऐकू येतो, आदरानं दबलेला. डार्टमथला, घरी, बायको ऑनर एकदा चादरींच्या घड्या घालता घालता हसून म्हणाली होती, ‘‘तुम्ही ठरवत नाही काही. तुम्ही थांबता. आणि मग जे होईल ते आपणच ठरवलं होतं असं म्हणता.’’ ट्रेम्लेटही हसला होता. बायकोला नवऱ्याबद्दल असं काहीतरी वाटायचंच, म्हणून सोडून दिलं होतं.

डेकवर आल्यावर माणसं बाजूला झाली. नेहमीपेक्षा दोन पावलं जास्तच. गार्लंड मागच्या बाजूला उभा होता. सव्वीस वर्षांचा, थंडीनं नाक लाल झालेलं, कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यानं टोपीला हात लावला.

‘‘नॅन्सचं काय करायचं, साहेब?’’

‘‘तो नेमकं काय म्हणाला, पुन्हा सांगा.’’

गार्लंडला ते तोंडातून काढायलाही जड गेलं. काल संध्याकाळी रमचं वाटप चालू असताना, सगळ्यांच्या देखत जेकब नॅन्स म्हणाला होता, की कप्तानानं काही ठरवलंबिरवलं नाही. तो नुसता तोंड उघडं टाकून उभा होता. ‘मी सुकाणूच्या चाकावर होतो, मी पाहिलं.’

हे ट्रेम्लेटला ठाऊक होतं, म्हणजे जेकब चाकावर होता हे. पण ‘ठाऊक असणं’ म्हणजे काय, ते आत्ता, या क्षणी, थंडगार पाणी कॉलरमधून पाठीवर उतरावं तसं त्याच्या अंगावर आलं. दोन पावलांवर. भाऊ पाण्यात, आणि हा दोन पावलांवर चाक धरून.

‘‘प्यायला होता का?’’

‘‘सगळ्यांना मिळते तेवढीच. बारा फटके, साहेब. याहून जास्त तुमच्या एकट्याच्या अधिकारात बसत नाहीत, म्हणून बारा.’’

‘‘भाऊ गेलाय त्याचा, गार्लंड.’’

‘‘म्हणूनच म्हणतो. आज भाऊ गेला म्हणून सोडलं तर उद्या कुणाचा बाप गेलेला असेल.’’ तो थांबला, आणि मग एकदम, शाळकरी पोरासारखा भडभडून बोलला, ‘‘एक सांगू? तुम्ही जे केलंत ते मला जमलं नसतं. मी होडी उतरवली असती. काही विचार न करता.’’

‘‘लगेच?’’

‘‘लगेच. आणि चुकलो असतो. त्या दिवसापासून मी रोज तेच मनाशी घोकतोय — कप्तान म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.’’

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यामुळेही असेल. रोजवहीत गुरुवारची नोंद गार्लंडच्या टपोऱ्या अक्षरात होती: ‘कप्तानाच्या हुकमावरून पाठलाग चालू ठेवला.’ त्याखाली ट्रेम्लेटची सही. सही करताना त्याच्या हाताला जराही कंप नव्हता, आणि आता ते वाक्य खोटं म्हणणं म्हणजे लष्करी न्यायालय, म्हणजे जहाज जाणं, म्हणजे... पण खरी भीती ती नव्हतीच. खरी भीती गार्लंडच्या चेहऱ्याची होती. तो चेहरा कोसळताना बघावा लागेल याची.

अकरा वाजता सगळे मधल्या डेकवर जमले. फटक्यांसाठी माणूस बांधायची लाकडी जाळी उभी करून बांधलेली. जेकब नॅन्स पुढे आला — बुटका, रुंद, खांदे भावाचेच, पण टॉबीचा हसरा चेहरा त्याच्याकडे कधीच नव्हता. टॉबी दोन वर्षांनी मोठा. त्यानंच त्याला कॉर्नवॉलमधल्या गावातून दर्यावर आणला होता, त्यानंच शिडावर चढायला शिकवलं होतं, असं पास्को सांगायचा.

‘‘तुझ्यावर काय आरोप आहे ते ऐकलंस. काही सांगायचंय?’’

‘‘आहे.’’

‘‘बोल.’’

‘‘मी म्हटलं ते म्हटलंच, साहेब. हुकूम आला नाही. थांबा म्हणूनही नाही, चला म्हणूनही नाही. मी कान लावून होतो.’’ त्यानं मान वर केली. ‘‘तुमच्यापेक्षा जास्त मीच कान लावून होतो.’’

‘‘खोटं बोलतोस!’’ गार्लंड ओरडला.

कुठेतरी एक दोर काठीवर आपटत होता. हीच ती वेळ होती — हे ट्रेम्लेटला अगदी स्वच्छ कळत होतं — एकच वाक्य, ‘हा माणूस खरं बोलतोय’, पाच शब्दसुद्धा नाहीत. सारं जहाज त्याच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि त्या गुरुवारसारखं सगळं थांबेल, घसा आवळेल, अशी त्याला भीती वाटली, भीती म्हणण्यापेक्षा आशाच वाटली...

‘‘बारा,’’ तो म्हणाला.

किती सहज आला तो शब्द. दारात कुणीच अडवायला नव्हतं.

टोप्या उतरल्या. त्यानं नियम वाचून दाखवला, रविवारी प्रार्थना वाचतो त्याच आवाजात. जेकबचा सदरा काढला, मनगटं बांधली. बारा फटक्यांना फार वेळ लागत नाही. ट्रेम्लेटनं नजर वळवली नाही, कारण कप्तानानं वळवायची नसते. जेकबच्या पाठीवर डाव्या खांद्याखाली एक जुना, लहानपणीचा भाजल्याचा डाग होता, तो चौथ्या फटक्यानंतर दिसेनासा झाला. जेकब ओरडला नाही. बाराव्यानंतर त्याला सोडलं तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत गेला, आणि जाताना त्यानं ट्रेम्लेटकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असेल म्हणून ट्रेम्लेटनं मनाची तयारी केली होती. राग नव्हता. काहीतरी अपुरं राहिल्यासारखं होतं.

दुपारी धुक्यातून एर्वानची होडी आली. हा ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा म्हातारा कोळी आठवड्यातून एकदा यायचा. मासे द्यायचा, तंबाखू न्यायचा, आणि बोलता बोलता बंदरातली बातमी सांगून जायचा. जहाजावर फ्रेंच समजणारा ट्रेम्लेट एकटाच — तीन वर्षं फ्रान्समध्ये कैदेत काढलेली, त्याची ती कमाई. एर्वान दोराच्या शिडीवरून धापा टाकत वर आला. आज त्यानं माशांची टोपली पुढे केली नाही. टोपी काढून हातात धरली.

‘‘तुमचा एक माणूस होता, कप्तान. मोठा, लालसर केसांचा. इथे,’’ त्यानं आपल्या दंडावर बोट ठेवलं, ‘‘इथे निळं जहाज गोंदलेलं.’’

‘‘होता.’’

‘‘शुक्रवारी सकाळी मिळाला आम्हाला. कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथा पडलेला. अर्धा पाण्याबाहेर होता, म्हणून टिकला रात्रभर.’’

‘‘टिकला...?’’

‘‘जिवंत होता हो! माझ्या अंगावरची घोंगडी टाकली मी त्याच्यावर. ब्रँडी दिली, ती ओठातून बाहेर आली. बोलत होता काहीतरी, मला कुठली तुमची भाषा... एकच शब्द सारखा. जेक. जेक. बंदराचं तोंड दिसायला लागलं, तेव्हा गेला. आमच्याच माणसांत पुरला, पाद्र्याला सांगितलं नाही कुठला ते.’’ म्हाताऱ्यानं टोपी हातात फिरवली. त्याच्या आवाजात दोष नव्हता. एखादी गोष्ट नीटशी कळली नाही म्हणून विचारावी, तसं त्यानं विचारलं, ‘‘आम्ही दुपारपर्यंत तिथेच थांबलो होतो, कप्तान, त्याला उचललं त्याच जागी. माझा जावई म्हणाला, थांबू या, त्याचं जहाज शोधत येईल. मग तो फारच गार पडायला लागला, तेव्हा निघालो. तुम्ही आला नाहीत, ते धुक्यामुळे ना?’’

‘‘धुक्यामुळे,’’ ट्रेम्लेट म्हणाला.

शुक्रवारी दुपारपर्यंत. शुक्रवारी सकाळी मी काय करत होतो? उकडलेलं अंडं खात होतो. शेवटचं होतं ते, पास्कोनं मुद्दाम राखून ठेवलेलं...

‘‘काय म्हणतो?’’ गार्लंडनं विचारलं.

‘‘नॅन्स सापडला म्हणतो. पुरलाय.’’

गार्लंडनं टोपी काढली आणि मान खाली घातली. डेकवरच्या इतरांनीही पाहिलं, एर्वाननं दंडावर ठेवलेलं बोट त्यांनी आधीच पाहिलं होतं. एर्वानला दुप्पट तंबाखू द्यायला सांगून ट्रेम्लेट खाली निघाला. आपण कुठे जातोय हे जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्याला माहीत नव्हतं.

आजाऱ्यांची जागा म्हणजे पडदा लावून आडोसा केलेला एक कोपरा. जेकब पालथा पडला होता, पाठीवर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं. डॉक्टरनं कप्तानाचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता बाहेर गेला. ट्रेम्लेट औषधांच्या पेटीवर बसला. छत इतकं खाली होतं की बसूनसुद्धा मान वाकवावी लागत होती.

‘‘तू म्हणालास ते खरं होतं,’’ तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं, की हे बोलणं अजिबात अवघड नव्हतं. इथे, पडद्याआड, कुणी ऐकत नसताना.

‘‘मला माहितीये, साहेब. मी तिथेच होतो ना.’’

‘‘आणि तरी मी तुला—’’

‘‘फटक्यांचं काही नाही हो.’’ जेकबचा गाल बाकड्याच्या फळीवर दाबला गेला होता, त्यामुळे शब्द अर्धवट बाहेर येत होते. ‘‘मी मागून घेतले ते. मला वाटलं, फटके खाल्ले की जरा बरं वाटेल.’’

‘‘वाटलं?’’

‘‘नाही.’’

जहाज कललं, पेटीतल्या बाटल्या किणकिणल्या.

‘‘चाक माझ्या हातात होतं,’’ जेकब म्हणाला. ‘‘माझ्या, साहेब. गरागरा फिरवलं असतं की जहाज वाऱ्यात उभं राहिलं असतं. कोण अडवणार होतं? मला वाटलं, हुकमाशिवाय फिरवलं तर तुम्ही मला फासावर द्याल.’’

‘‘दिलं नसतं.’’

‘‘हे आता सांगताय.’’ तो हसल्यासारखा आवाज होता. ‘‘तो हाका मारत होता, मला ऐकू येत होतं. आणि मी त्याच्याकडे बघितलंच नाही. तुमच्या तोंडाकडे बघत होतो. ह्या बाबाच्या तोंडातून आता शब्द पडेल, आता पडेल...’’

ट्रेम्लेटला वाटलं, हात पुढे करावा, त्याच्या डोक्यावर ठेवावा. पण जेकबच्या पाठीवरचं फडकं लालसर होत चाललं होतं, आणि तो हात कुणाचा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

‘‘तो कोळी टॉबीचंच सांगत होता ना? पोरं म्हणाली.’’

‘‘हो.’’

‘‘कसा गेला?’’

त्याचा एक डोळा वर वळला होता, ट्रेम्लेटच्या तोंडावर खिळला होता. तसंच बघितलं असेल त्यानं तेव्हाही, चाकामागून.

‘‘पडल्यापडल्याच,’’ ट्रेम्लेट म्हणाला. ‘‘डोकं आपटलं होतं. डोलकाठीवर, नाहीतर जहाजाच्या कडेला. त्यांना सापडला तेव्हा केव्हाच गेलेला होता. त्याला काही कळलंसुद्धा नसेल.’’

‘‘पण हाका...’’

‘‘वारा होता तो. नाहीतर डोलकाठीवरची माणसं. मीही ऐकलं ते.’’

शब्दामागून शब्द आला, प्रत्येक आपापल्या जागी, नीट घासून पुसून ठेवल्यासारखा. जेकबचे खांदे आधी सैल पडले आणि नंतर हलायला लागले, आणि त्या हलण्यानं पाठ दुखली तसा तो कण्हला, सकाळी बारा फटक्यांत जो आवाज त्यानं काढला नव्हता तो.

‘‘म्हणजे होडी उतरवली असती तरी...’’

‘‘तरी काही उपयोग नव्हता.’’

‘‘मी चाक फिरवलं असतं तरी?’’

‘‘तरीसुद्धा.’’

‘‘देवा...’’ जेकबनं डोळे मिटले. नाकातून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. ‘‘म्हणजे मी उगाचच बोललो, साहेब, तुम्हाला. सगळ्यांसमोर. माफ करा मला.’’

हे मात्र ट्रेम्लेटच्या ध्यानात आलं नव्हतं. जेकबच्या मानेवरचं ओझं उचलताना आपलंही त्याबरोबर उचललं जाणार, हे बोलताना त्याला दिसलंच नव्हतं — की दिसलं होतं? कुठेतरी, शब्द इतके सुरेख जुळून येत होते तेव्हा, माहीत होतं? तो माणूस माफी मागत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. उत्तर दिल्याशिवाय त्याला झोप लागली नसती.

‘‘केलं माफ,’’ ट्रेम्लेट म्हणाला.

तो वर आला तेव्हा उजेड उतरला होता. धुकं किनाऱ्यावरून सुटून पाण्यावर पसरत होतं. एर्वानची होडी केव्हाच त्यात गेली होती. शुक्रवारची सकाळ तिच्याबरोबर गेली होती. आता ती इथे फक्त एकाला ठाऊक होती, आणि तो कुणाला सांगणार नव्हता. सांगायचं तर आता जेकबलाच पाण्यात ढकलायचं.

‘‘कुठली दिशा धरायची, साहेब?’’ गार्लंडनं विचारलं. ‘‘धुकं वाढतंय. खडक जवळ आहेत.’’

‘‘बाहेर काढा. पश्चिमेला. वरची शिडं उतरवा.’’

‘‘समजलो, साहेब.’’

माणसं धावली. दोर करकरले, जहाज जडपणानं वळायला लागलं. हुकूम बरोबर होता. कुणीही तोच दिला असता. ट्रेम्लेट कठड्याशी उभा राहिला आणि सवयीनं थांबला — प्रत्येक हुकमानंतर आतून तो एक आवाज यायचा, बारीक, कुरकुरणारा: आणि चुकलं असेल तर? एकेचाळीस वर्षं तो आवाज त्याला छळत आला होता. डार्टमथच्या बिछान्यात, कैदेत, तोफा धडधडत असताना. त्याच्यामुळे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसत; पण त्याच्यामुळेच रोज निजताना असंही वाटे, की आपण कसे आहोत ते अजून पुरतं ठरायचंय.

तो कान देऊन उभा राहिला. पाणी जहाजाच्या अंगाला घासत मागे जात होतं. आत कुणी काही विचारत नव्हतं.